निळ्या रिबिनीचा डबा

सोमवार, ३ फेब्रुवारी १९९२

विनिपेगहून पार्सल आलं. निळी साटीनची रिबीन तीन वार — २ डॉलर १०. पांढरा क्रेप कागद, दोन सुरळ्या — ९८ सेंट. टपालखर्च दीड डॉलर, तो मात्र अंगावर आला. खोका फुकट, नवऱ्याच्या, मेट्रोच्या, नव्या बुटांचा.

पंधरा तारखेला शाळेच्या हॉलमध्ये डब्यांचा लिलाव. यंदाचे पैसे बँडच्या ढोलांसाठी. आमच्या लेकीला, डार्काला, पंधरा पुरी झाली, तिचा हा पहिला डबा! दोघांचं जेवण भरायचं, खोका सजवायचा, कोणाचा ते कोणाला सांगायचं नाही. जो मुलगा बोली लावून घेईल त्याच्याबरोबर बसून जेवायचं.

सांगायचं नाही म्हणतात खरं. पण आया सांगतातच. माझ्या आईनं मेट्रोच्या आईच्या कानात टाकलं होतं — तांबडी लोकर बांधलेला डबा. म्हणून तर मी या घरात बसून हिशोब लिहिते आहे.

बुधवार, ५ फेब्रुवारी

डार्काचं काहीतरी बिनसलंय. शाळेला जाताना बापाचा जाडा सदरा अंगात घालते, गुडघ्यापर्यंत येतो. शाळेत हीटर एवढे तापलेले असतात की मास्तर खिडक्या उघडतात. म्हटलं, काढ ते ध्यान. म्हणाली, “थंडी वाजते.”

दुकानात अडेला मोरोझ भेटली. चर्चच्या महिला मंडळाची प्रमुख, आणि तीस वर्षांची माझी मैत्रीण. तिचा मुलगा कॅल शाळेच्या हॉकी टीमचा कॅप्टन. हळूच म्हणाली, “स्टेफा, आमचा कॅल सारखा तुझ्या डार्काचं नाव काढतो गं.”

घरी येऊन डार्काला विचारलं, कॅल मोरोझ कसा आहे? कानापर्यंत लाल झाली. “तो मला छळतो,” एवढंच बोलली. मी म्हटलं, अगं, आवडतेस म्हणून चिडवत असेल. मुलांना दुसरं येतं काय? ती जिना चढून गेली.

शनिवार, ८ फेब्रुवारी

सांगून टाकलं. निळी रिबीन, गाठीत गव्हाच्या तीन लोंब्या. अडेलानं माझा हात दाबला. सोळा वर्षांची असल्यासारखी हसत घरी आले. देवमातेच्या तसबिरीपुढे दिवा लावला, जरा जास्तच तेल घातलं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

डार्का म्हणते रिबीन बदलूया. म्हटलं, दोन डॉलर दहा सेंट दिलेत, बदलायला मी काय गिरणीची मालकीण आहे?

रविवार, १६ फेब्रुवारी



काल हॉल खचाखच. लिलाव करायला म्हातारे वसिल — गुरं विकतात त्याच सुरात. सात-आठ डॉलरांना डबे जात होते. आमचा वर धरला तर कॅलनं एकदम वीस म्हटलं. मागून टीमची पोरं हसत होती, एकमेकांच्या खिशात हात घालून पैसे गोळा करत होती. तीस. चाळीस! मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी कॉफीची किटली घेऊन उभी. ऊर भरून आला होता, खोटं कशाला लिहू?

मग दोघं बसली. पण दोघं कुठली — टीमची चार पोरं बाकाच्या मागे येऊन उभी राहिली. डार्कानं पिरोही, बटाटा भरलेले आमचे कानवले, वाढले. कॅलनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, सदऱ्यावरून आतला पट्टा ओढला आणि सोडला. फट्ट. पोरं ओरडली, “नऊ!” कॅल म्हणाला, “चाळीस दिलेत. नुसते बटाटे खायला नाही.”

मी डार्काच्या तोंडाकडे पाहत होते. लाजली असती तर मला कळलं असतं. ती दाराकडे बघत होती. दारापर्यंत किती माणसं मध्ये आहेत, ते बघत होती.

माझे पाय आपोआप चालले. किटली टेबलावर ठेवली आणि दोघांच्या मध्ये बसले. कॅल म्हणाला, “काकू, डबा दोघांचा असतो.” मी म्हटलं, “होय ना. माझा आणि माझ्या मुलीचा.” पैशांची पेटी माझ्याच ताब्यात होती, त्यातले चाळीस मोजून त्याच्या हातावर ठेवले. म्हातारे वसिल म्हणाले, “माल परत!” — कोणी हसलं नाही.

आज चर्चहून आल्यावर बटाटे सोलता सोलता डार्का बोलली. बँडच्या खोलीकडे जायचा एकच बोळ. पोरं दोन्ही भिंतींना टेकून उभी राहतात. त्याला ती ‘फाटक’ म्हणतात. जाणाऱ्या मुलीला मार्क द्यायचे, पट्टे ओढायचे, हात लावायचे. रोज. सप्टेंबरपासून. म्हणून तो सदरा.

“मला सांगितलं का नाहीस गं?”

“सांगितलं होतं. तू म्हणालीस, आवडतेस म्हणून.”



सोमवार, १७ फेब्रुवारी

शाळेत गेले. मुख्याध्यापक पर्विस साहेबांनी खुर्ची दिली, चहा विचारला. “मिसेस हलुश्का, वयच तसं आहे. मुलींनाही थोडं आवडतंच. आणि शुक्रवारपासून आमचे बाद फेरीचे सामने.” मी मॅट्रिक झालेली, साहेबांपुढे बोलायची सवय नाही. “बरं” म्हणून उठले. स्वतःचाच राग आला.

बाहेर फ्रेंच शिकवणाऱ्या मिस थिबो धावत आल्या. पंचविशीची पोर, डोक्याला स्कार्फ. म्हणाल्या, “याला नाव आहे. लैंगिक छळ. नको असलेला हात, नको असलेलं बोलणं. करणारा गंमत म्हणतो म्हणून ती गंमत होत नाही. जिच्यावर होतं तिला काय वाटतं, ते विचारायचं.”

मी म्हटलं, मुलगी कधी ‘नको’ म्हणाली नसेल तर? त्या म्हणाल्या, “बोळात सहा जण उभे असताना कोण म्हणेल?”

मग त्यांनी सांगितलं — एकेकटीनं तक्रार करू नका, एकत्र करा. जिनं पाहिलं तिनंही सांगायचं. मुख्याध्यापक ऐकत नसतील तर वर शिक्षण मंडळाकडे जा, ते त्यांचं कामच आहे. आणि डार्काला रोज सांगा की चूक तिची नाही.

घरी चालत आले. पारा उणे सत्तावीस, पण मला घाम फुटला होता. नाव आहे! म्हणजे आम्ही पहिल्या नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी

अडेलाचा फोन. नमस्कार नाही, काही नाही. “माझ्या पोराचं नाव घेशील तर याद राख, स्टेफा. रिबिनीचा रंग कोणी सांगितला? तू.”

खरं आहे. फोन ठेवला, देवमातेकडे पाहिलं आणि डार्काला बोलावून सांगितलं.

ती म्हणाली, “मला वाटलं सँड्रानं फोडलं. आठवडाभर तिच्याशी बोलले नाही मी.” रडली. मग उठून सँड्राला, आपल्या मैत्रिणीला, फोन लावला. माझ्याशी मात्र जेवताना बोलली नाही. बरोबर आहे तिचं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

सँड्रा आली, आणि बरोबर पाच जणी! स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नाही. आधी सगळ्या एकमेकींकडे बघत बसल्या. मग टीना — दहावीतली, ट्रॉम्बोन नावाचं लांब सरकत्या नळीचं पितळी वाद्य वाजवते — म्हणाली, “मी तर ट्रॉम्बोन पुढे धरून जाते. परवा नळी कॅलच्या पोटात गेली. चुकून हं.” अशा हसल्या की बरण्या हलल्या. मग एकदम सगळ्या बोलायला लागल्या. प्रत्येकीला वाटत होतं आपल्यातच काहीतरी खोट आहे.

मी पिरोही तळत राहिले. लोणी किती गेलं ते मोजलं नाही. डार्का उठली, माझ्या हातातला झारा घेतला, म्हणाली, “आई, तू बस. ऐक.”

बसले. ऐकलं.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

पर्विस साहेबांचा फोन. सामने संपेपर्यंत प्रकरण थांबवू. तोवर ‘उपाय’ — मुलींनी बँडला मागच्या दारानं जावं, मैदानाला वळसा घालून. या थंडीत, वाद्यं घेऊन.

मेट्रो धान्याच्या कोठारात दिवसभर पोती मोजतो, घरी तीन वाक्यं बोलला तर खूप. ताट बाजूला सारून म्हणाला, “वळसा त्यांनी का घालायचा?”

बस. तेवढंच. पण मुलींना फोनवर ते सांगितलं आणि काय उसळल्या! सोमवारी शाळेत जायचंच नाही असं ठरलं. बोळ मोकळा होईपर्यंत शाळा माझ्या स्वयंपाकघरात. मिस थिबो संध्याकाळी येऊन शिकवणार — “नोकरी गेली तर तुमच्याकडे पिरोही वळेन,” म्हणाल्या. मेट्रो रात्रीआधीच दोन फळ्या घेऊन आला, बाक ठोकायला लागला. मला गणित आठवतं का ते बघितलं. आठवतं!

सोमवार, २४ फेब्रुवारी

नऊ वाजता सात मुली हजर. शिक्षण मंडळाला लिहिलेलं पत्र पाकिटात घालून चिकटवलंही होतं. तेवढ्यात दारावर थाप.

लेस्या मोरोझ. कॅलची बहीण, नववीतली. पाठीवर दप्तर, अंगात बापाचा सदरा. “काकू, जागा आहे का?”

मागे रस्त्यावर अडेलाची गाडी उभी, इंजिन चालू. मी हात केला. तिनं केला नाही. पण गाडीही हलवली नाही.

पाकीट फोडलं, खाली लिहिलं — ता. क. आता मुली आठ आहेत. आठवी त्या मुलाची सख्खी बहीण. या आठ जणींना शाळेत सरळ वाटेनं कधी जाता येईल, ते कृपया उलट टपाली कळवावे.