टाकी खिडकीपाशी नेऊ नये

मी, शिवणकामावर संसार ओढलेली बाई, वय एकाहत्तर, डोकं ठिकाणावर असताना आणि मागे उभं राहून कोणी सांगत नसताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. याआधीचं काही सापडल्यास ते रद्द समजावं.

दोन खोल्यांचं हे घर माझ्या कमाईचं, माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते मी माझ्या पूर्वीच्या सुनेला देते. तिचा घटस्फोट मुलाशी झाला, माझ्याशी नाही. अट एकच : माझे यजमान हयात असेपर्यंत याच घरात राहतील आणि त्यांच्या खुर्चीसमोर फिश टँक राहील.

मुलाला हे लागेल, म्हणून कारण लिहिते.

यजमानांनी जन्मभर बस चालवली. झटक्यानंतर उजवं अंग गेलं, वाचा गेली. नुसते भिंतीकडे बघत बसायचे. तेव्हा सुनेने ही छोटी टाकी आणली. मासा फिरला की यांची नजर फिरायची, तोंड जरा उघडायचं, आणि तेवढ्यात मी घास भरवायची.

मागच्या उन्हाळ्यात मुलगा आला. "कोपऱ्यात काय ठेवलीय? जरा शोभा येऊ दे," म्हणत त्याने टाकी खिडकीपाशी नेली. थोड्याच दिवसांत काचेवर शेवाळाची साय धरली, पाणी हिरवं झालं, मासे दिसेनात. यांनी घास थुंकायला सुरुवात केली.

सून फोनवर म्हणाली, "आई, औषध अजिबात नको. टाकी परत कोपऱ्यात घ्या, दिवा थोडाच वेळ लावा, खाणं चिमटीभर घाला. रविवारी येते, पाणी थोडं थोडं बदलू."

मुलाला रविवारपर्यंत दम निघाला नाही. शेवाळाचं औषध आणून त्याने अर्धी बाटली ओतली. शेवाळ मेलं, पाणी नासलं, मासे वर येऊन तोंडं उघडझाप करू लागले. हे डाव्या हाताने खुर्ची बडवत होते.

"बाबा, मासेच आहेत हो. दुसरे आणू," मुलगा म्हणाला. मग आत येऊन मला म्हणाला, तेही मोठ्याने, "आई, तुझ्यानंतर यांना एखाद्या संस्थेत ठेवू, घर विकून टाकू. यांना काय कळतंय?"

बाहेर बडवणं थांबलं.

मुला, तू दुष्ट नाहीस. तुला घाई असते. बँकेतली माझी ठेव तुझी, ती घाईने खर्च केलीस तरी कोणाचं अडणार नाही. बाबांना मात्र मी तुझ्या हाती देत नाही.

सुनेने टाकी धुऊन पुन्हा जमवली. तिला माहीत आहेच, पण तिच्या गैरहजेरीत कोणी हात घातला तर म्हणून लिहिते : काच जुन्या कार्डाने खरवडावी, साबण लावू नये. सगळं पाणी एकदम काढू नये. दगडांवर थोडं शेवाळ राहिलं तर राहू द्यावं. बघणाऱ्याला मासे दिसले की पुरे.

शिलाईयंत्र समोरच्या विधवा बाईला द्यावं. धाकट्या जाऊबाईंना काही नाही. "बसून खातोय" असं त्या यांच्या तोंडावर म्हणाल्या होत्या.

माझ्या पोटातली गाठ आता काढण्यापलीकडे गेली आहे. हे मी यजमानांना सांगितलं नव्हतं. पुढच्या ओळी सही झाल्यावर, तिच्या वरच्या मोकळ्या जागेत लिहिते आहे. आज साक्षीदारांसमोर हा कागद त्यांना वाचून दाखवला, तेव्हा कळलं. सही करायला मी वाकले तर त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. "अहो, सोडा," म्हटलं, तरी सोडेनात. शेवटी तशीच केली. सही वाकडी आली आहे. ती माझीच आहे, त्यावरून कोणी शंका घेऊ नये.

सही : (वाकडी, वर सांगितल्याप्रमाणे)

साक्षीदार, दोघांनी समक्ष पाहिलं :
शेजारचे इस्त्रीवाले
वरच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई

ठिकाण : राहतं घर, बाहेरची खोली
दिनांक : बारा नोव्हेंबर, बुधवार