माझ्या बाळाला मी हेच देते

३ मार्च, मंगळवार. सकाळी

चार दिवस झाले, मी झोपलेली नाही. डोळा लागतो न लागतो तोच भोपळी रडायला लागते. कारण एकच, पाळणा. मोटरचा पाळणा आला होता, फुकट. बटण दाबलं की आपोआप झुलायचा, वर गाणं वाजायचं. अकरा दिवस पोरगी त्यात राणीसारखी झोपली. मी व्हिडिओ केला, तोंड भरून कौतुक केलं. शुक्रवारी कुरिअरवाला आला आणि पाळणा उचलला. म्हणाला, मॅडम, हा शूटपुरता होता, इथे सही करा. मला वाटलं होतं दिला म्हणजे दिला. आता गादीवर ठेवली की पाठीला काटे टोचल्यासारखी उठते.

ही वही पण फुकटच आलेली. वर 'बाळाचं पहिलं वर्ष' असं छापलंय, आत फुलं आणि रिकाम्या जागा, पहिला दात, पहिलं पाऊल. दात अजून नाही. सातवाच महिना चालू आहे. मी आपली मोकळ्या पानांवर लिहिते. ह्यांना माझं अक्षर लागत नाही, त्यामुळे वाचणारं कुणी नाही.

आज ठरवलं. जी वस्तू वापरली नाही तिला चांगली म्हणायचं नाही. मी आठवीच शिकले, पण खोटारडी नाही. लोक 'भोपळीची आई' हे माझं चॅनल बघतात ते त्यासाठीच. भोपळी हे काही तिचं खरं नाव नाही, गाल बघून पडलं.

५ मार्च, गुरुवार

पार्सल आलं. झोपेचे थेंब. बारा बाटल्या, निळ्या, अंगठ्याएवढ्या, वर चंद्र आणि पानं. शंभर टक्के नैसर्गिक. सोबत कंपनीच्या मॅडमनी फोनवर स्क्रिप्ट पाठवली. त्यात असं होतं: एकवीस दिवस झाले, रोज पाच थेंब, माझ्या बाळाला मी हेच देते, आता आम्ही दोघी छान झोपतो.

मी ह्यांना म्हटलं, अहो, बाटलीचं बूच अजून उघडलेलं नाही. हे म्हणाले, एकवीस दिवसांनी खरंच होणार आहे ना, मग आधी बोललं तर काय बिघडलं. मला पटलं. हे पूर्वी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात होते. चॅनल चालायला लागल्यावर सोडलं, आता माझे मॅनेजर आहेत. ह्यांना यातलं जास्त कळतं.

मॅडमचा आवाजी मेसेज आला. दीदी, आधी थोडं थकलेलं दिसा, मग फ्रेश. थकलेलं दिसायला मला काहीच करावं लागलं नाही. फ्रेश दिसायला तोंड धुतलं, लिपस्टिक लावली. शेवटी झोपलेली भोपळी दाखवायची होती, ती काही झोपेना. मग ह्यांनी पाळण्याच्या व्हिडिओतली झोपलेली भोपळी घेतली आणि पाळणा कापून टाकला.

बोलून तर झालंय. आता शब्द खोटा पडू द्यायचा नाही. आजपासून एकवीस दिवस नेमाने पाच थेंब. एकही दिवस चुकवायचा नाही.

६ मार्च

झोपली. सकाळपर्यंत हलली नाही. जादूच आहे.

मी मात्र जागीच. सवय मोडली असणार. सारखं तिच्या नाकाखाली बोट धरून बघत होते. आज मी पण झोपणार.

१० मार्च, मंगळवार

व्हिडिओ लाखावर गेला. हे घरभर नाचले. म्हणजे नाचायला जागा कुठे आहे, सगळीकडे खोकीच. बारा पोरांना पुरतील एवढ्या दुधाच्या बाटल्या, तीन बाबागाड्या, त्यातली एक जुळ्यांची.

दुपारी दादा आला. माझा सख्खा भाऊ, औषधाच्या दुकानात दहा वर्षं काउंटरला उभा आहे. भोपळीला घेतलं, बघितलं, मग बाटली हातात घेऊन फिरवत बसला. म्हणाला, यात काय आहे ते कुठे लिहिलंय? मी म्हटलं, पानांचं चित्र आहे की. तो म्हणाला, चित्र तर चंद्राचं पण आहे. बनवणाऱ्याचा पत्ता नाही, तारीख नाही, काही नाही. सात महिन्यांच्या पोरीला असलं देऊ नकोस, बाई.

हे म्हणाले, गोळ्या विकून डॉक्टर झालास का. दादा म्हणाला, डॉक्टर नाही म्हणूनच विचारतोय, तुम्ही कुठल्या डॉक्टरला विचारलंत? हे चिडले. मी पण चिडले. मी दादाला म्हटलं, वहिनीच्या केकच्या पेजवर चाळीस माणसं आहेत, म्हणून तुमच्या पोटात दुखतंय. जाताना त्याने एक बाटली खिशात घातली. म्हणाला, शेठना दाखवतो, त्यांना कळेल.

तो गेल्यावर ह्यांनी माझ्या फोनमधून त्याचा नंबर काढून टाकला. बरं झालं. डोक्याला ताप नको.

आज सहावा दिवस. पाच थेंब दिले.

१४ मार्च, शनिवार

खाली टेलरबाई आहेत. दिवसभर त्यांची मशीन खडखडते, आधी त्या आवाजाने भोपळी दचकायची, आता दचकत नाही. हा पण थेंबांचाच गुण. व्हिडिओत सांगायला हवं होतं.

जिन्यात त्यांनी मला गाठलं. माझा व्हिडिओ बघून नातवासाठी तेच थेंब मागवले होते. म्हणाल्या, पाच थेंब दिले तर पोर दिवसभर मान टाकून पडलं, दूधसुद्धा ओढेना. मी ती बाटलीच मोरीत ओतली, म्हणाल्या. मग जवळ येऊन त्यांनी हळू विचारलं, तू खरंच देतेस का गं, का नुसतं कॅमेऱ्यापुरतं?

मी छातीवर हात ठेवून सांगितलं, खरंच देते, रोज, मी फसवणारी नाही. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी खोटं बोलते म्हटलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं.

त्यांनी मोजताना चूक केली असणार. चष्म्याशिवाय सुई ओवता येत नाही त्यांना, थेंब काय दिसणार.

१७ मार्च

भोपळी समंजस झाली आहे. पूर्वी पंखा लागला की त्याच्याकडे बघून खिदळायची, हाताला लागेल ते तोंडात घालायची. आता नुसती बघते. पंख्याच्या पलीकडे कुठेतरी. वहीत 'नवीन सवय' अशी जागा आहे, तिथे लिहिलं, शांत बसते.

दूध जरा कमी पिते. उन्हाळा लागलाय.

हे खूश आहेत. शूटला आता त्रासच नाही, म्हणतात. टोपी घाला, चष्मा घाला, काही करा, हूं की चूं नाही.

एका बाईची कमेंट आली. माझं बाळ सकाळी उठवलं तरी उठत नाही, असं तुमच्याकडे होतं का? काय लिहायचं ते मॅडमना विचारलं. त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. हो ताई, अगदी नॉर्मल आहे, बाळ राहिलेली झोप भरून काढतंय. पुढे लाल बदाम. मी तसंच्या तसं टाकलं.

१९ मार्च

त्या बाईने परत काही विचारलं नाही. म्हणजे बरं झालं असणार. मी दोनदा तिच्या पेजवर जाऊन बघितलं, नवीन फोटो नाही. कामात असेल, घरी लहान मूल म्हटल्यावर.

ठरवलं, उद्यापासून चार थेंब. व्हिडिओत पाच म्हटलंय, पण एका थेंबाने कुणी खोटं होत नाही.

२० मार्च

चार दिले तर भोपळी इतकी रडली की तिचं अंग थरथर कापत होतं. हातपाय आखडले. तिला पाचच मानवतात. पाच दिले. शांत.

मी अजून झोपत नाही. नाकाखाली बोट धरायची सवय काही जात नाही. डोळ्यांखाली काळं आलंय. हे म्हणाले, मेकअप जरा दाट कर, थेंब घेणाऱ्या घरातली आई अशी दिसते का.

२३ मार्च, सोमवार

मॅडमचा फोन. परवा दुपारी चार वाजता लाइव्ह करायचं. एकविसावा दिवस बरोबर त्याच दिवशी येतो, मीच त्यांना सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, दीदी, तुम्ही दिवस मोजताय? किती स्वीट. मला वाटलं त्या माझी तारीफ करतायत.

लाइव्हमध्ये भोपळी झोपलेली हवी. मग मी हाक मारायची आणि ती हसत उठायची. नीट झालं तर वर्षभराचं काम पक्कं, आणि पाळणा येणार. या वेळी कायमचा.

भोपळीच्या हसण्याचं मी ह्यांना विचारलं. बऱ्याच दिवसांत हसलेली नाही. हे म्हणाले, कॅमेरा बघून हसेल, तुझीच मुलगी आहे.

२५ मार्च, बुधवार. दुपारी साडेतीन

एक वाजता पाच दिले. झोपेना. रिंगलाइट डोळ्यांवर येत होता, किरकिर चालू. अडीचला हे म्हणाले, अजून दे. पाच दिले. आत्ता परत डोळे उघडले, अर्ध्या तासावर लाइव्ह. अजून पाच दिले. मीच दिले, ह्यांनी सांगितलं नव्हतं. एका दिवसाने काय होतंय. उद्यापासून बंदच करायचे आहेत, एकवीस दिवस झाले.

त्याच दिवशी. सहा वाजता

लाइव्ह मस्त झालं. बदामांचा पाऊस. मी हाक मारली, भोपळी उठली नाही. तळव्याला गुदगुल्या केल्या. गालावर पाणी लावलं. सगळे लिहायला लागले, किती गोड झोप, आम्हाला पण लिंक द्या. हे कॅमेऱ्यामागून खूण करत होते, बोलत राहा. मी म्हटलं, बघा, याला म्हणतात गाढ झोप. माझ्या बाळाला मी हेच देते.

एकवीस दिवस झाले. आता ते वाक्य खरं आहे. यापुढे मला कुणी खोटारडी म्हणू शकत नाही.

अजून उठलेली नाही. दमली असेल.

२६ मार्च, गुरुवार. हॉस्पिटलमध्ये, बाहेरच्या बाकावर

पहाटे ओठ निळे दिसले. आता काचेपलीकडे आहे, तोंडावर नळी.

डॉक्टरबाईंनी विचारलं, काय दिलं होतं? हे म्हणाले, आईचं दूध, बाकी काही नाही. मी मान हलवली. देवाशपथ, मी हो म्हणून मान हलवली. मग हे फोनवर बोलायला बाहेर गेले, तेव्हा मी डॉक्टरबाईंच्या मागे धावले आणि सांगितलं, झोपेचे थेंब. किती? आणि माझ्या तोंडातून निघालं, रोज पाच थेंब, एकवीस दिवस. स्क्रिप्टमधलं. जसंच्या तसं.

त्या म्हणाल्या, बाटली आणा. आत काय आहे ते कळल्याशिवाय आम्ही अंधारात औषध देतोय. हे बाटली आणायला घरी गेले, माझा फोन पण घेऊन. दोन तासांनी आले. म्हणाले, एकही बाटली राहिली नाही. काल सकाळी मी स्वतः नऊ बघितल्या होत्या. ह्यांच्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या आणि त्यांना थेंबांचा गोड वास येत होता. डॉक्टरबाईंना म्हणाले, ही कित्येक दिवस झोपलेली नाही, काहीही बरळते. मला म्हणाले, व्हिडिओ काढून टाकले, घाबरू नको. परत बाहेर गेले. माझा फोन अजून त्यांच्याकडेच आहे.

मी घाबरले आहे.

एक बाटली आहे. दादाच्या खिशात गेलेली. इथल्या वॉचमनकाकांच्या फोनवरून दोनदा लावला, तो उचलत नाही. दुकानात फोन खणात ठेवायचा नियम आहे, दोन वाजता जेवायची सुटी झाली की बघतो. आता साडेबारा झालेत. नर्स आत बोलावते आहे. आईने आत थांबायचं, पिशवी, वही, काही आत न्यायचं नाही. वॉचमनकाकांची ड्यूटी एकला संपते, तोवर दादाला लावत राहा असं त्यांना सांगून ठेवलंय.

वही इथे बाकावर उघडी ठेवते. ज्याला हे अक्षर लागेल त्याने कृपा करून माझ्या भावाला फोन करा. नंबर पहिल्या पानावर 'मामा' लिहिलेल्या चौकोनात आहे. त्याला सांगा, ती निळी बाटली घेऊन इथे ये, मुलांच्या वॉर्डात, दुसरा मजला, असशील तसा ये. आणि डॉक्टरबाईंना सांगा, काल पाच नव्हते, दुपारी एक ते साडेतीनमध्ये पंधरा थेंब दिले. मी आत गेले की सांगणारच आहे, पण माझ्या तोंडाचा मला भरवसा राहिला नाही.

दादा रागावलेला आहे, अनोळखी नंबर असेल तर कट करेल. पहिल्यांदा उचलला नाही तर परत करा.