निळा काठ

माबेला, मस्कत
१४ जानेवारी

ती. आप्पा,
सविनय जय भीम, वि. वि.

परवा इथे वादळ झालं, गारा पडल्या. सासूबाईंनी अंगणात लावलेल्या कडुनिंबाचा शेंडा मोडला. घरमालक म्हणाले, खलास, काढून टाका. आम्ही नको म्हटलं. स्वप्निलला रुवीच्या ऑफिसातून यायला उशीर होतो, म्हणून मीच लिहितेय. मार्चमध्ये पंधरा दिवस का होईना, येताय, याचा आनंद आहे.

तुमची सून,
रश्मी

फलटण
२० जानेवारी

चि. सौ. रश्मी,
सप्रेम जय भीम.

मला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून शेजारची सावनी या पत्राचा फोटो पाठवेल. तुझं पत्र तिनंच छापून आणलं. शेंडाच मोडला, की झाडच गेलं? ते गाडी लावायला आड येतं, असं तू मागे दोनदा बोलली होतीस. वादळाचं बरं निमित्त सापडलं.

झाड खरंच उभं असेल, तर छाटाछाटीची घाई नको. कडुनिंब बारमाही हिरवा, पुन्हा फुटतो. मोडकं टोक तेवढं साफ कापा. वरची एक जोमदार फांदी काठीला सरळ बांधा, तीच पुढे शेंडा होते. बांधायला कापड घ्या, तार नको. दोन उन्हाळे गाठ सोडू नका. आणि फोटो पाठवा. झाड नसेल तर मी कशाला येऊ? कांता गेली, तिचं तिथे दुसरं काय उरलंय?

गणपत

फलटण
२ मार्च

चि. सौ. रश्मी,
सप्रेम जय भीम.

फोटो मिळाला. पालवी छान आहे, जरा जास्तच छान. कांतानं रोप बांधलं ते आपल्या लुगड्याच्या हिरव्या काठानं. फोटोत काठ निळा आहे. नर्सरीतून दुसरं झाड आणलंत, म्हाताऱ्याला काय कळतंय, असंच ना? स्वप्निलला सांग, तिकीट काढू नकोस.

गणपत

माबेला
४ मार्च

ती. आप्पा,
सविनय जय भीम.

आधी राग आला, मग रडू आलं. गाडीचं मी बोलले होते, खरं आहे. आता गाडी बाहेर उन्हात असते.

हिरवा काठ खाली बुंध्याशी आहे, फोटोत आला नाही. उन्हानं विटलाय, सालीनं अर्धा गिळलाय. तो सोडवायला माझा हात धजेना. फांदीसाठी मऊ कापड हवं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या भीमजयंतीला सासूबाईंनी मला पांढरी साडी घेतली होती, तिचा निळा काठ फाडला. विश्वास नसेल तर येऊन स्वतः बघा.

तिकीट काढलंय, फक्त येण्याचं, परतीचं नाही. दोन उन्हाळे गाठ सोडायची नाही, असं तुम्हीच लिहिलंत. ती तुम्हीच सोडायची. तोवर परत जायचं नाव काढू नका.

लोभ सोबत आणावा, संशय तेवढा फलटणलाच ठेवावा.

तुमची,
रश्मी