निवट्यांचं मडकं

आये, आज नात धडा पाठ करत होती. मासा कल्ल्यांनी श्वास घेतो, बेडूक फुफ्फुसांनी आणि ओल्या कातडीनेही, कासव, पाखरू, माणूस फुफ्फुसांनी. तेच तेच दहा वेळा. मी मोरीपाशी मासे साफ करत होते, शेवटी ओरडले, "बस गो! कान किटले." पोरगी उठून बाहेर गेली. पण यातलं मला नवीन काय होतं? माझी शाळा चौथीत सुटली, पण कल्ले उघडून लाल हायत का ते बघायला तू शिकवलंस. जाळ्यात गुदमरून मेलेलं कासव दाखवून तूच म्हणालेलीस, "पान्यात ऱ्हातं, पन दम घ्यायला वरच यावं लागतं त्याला."

आणि त्या निवट्या, ओहोटीला चिखलावर उड्या मारणारी ती बोटभर मासळी. मी नऊ-दहा वर्षांची असेन. खाडीच्या चिखलात कोपरापर्यंत हात घालून, बिळांतून एकेक धरून तू आणलेल्या. बाजारात जिवंत न्यायच्या म्हणून मडक्याच्या तळाला ओंजळभर खारं पाणी, तोंडाला ओलं फडकं. मला दया आली. मासळी ती, पाण्यावाचून तडफडतेय. मी मडकं काठोकाठ भरलं, वर ताटली, ताटलीवर दगड. दुपारी तू ताटली काढतेस तर सगळ्या पोट वर करून. तू मारलं नाहीस. "मासळीला पान्यात बुडवून मारनारी तूच गो पयली!" म्हणून हसलीस. मग मडकं अंगणात ओतलंस. "आपल्या मनाचंच करतेस. तिला काय पायजे ते बगत न्हायस."

तुझ्या शेवटच्या दुपारी तू भिंतीला टेकून बसलेली आहेस. पाय सुजलेत, तोंड उघडं. मी म्हणते, "आडवी हो, बरं वाटंल." तू म्हणतेस, "नको गो, बसूनच ऱ्हाऊ दे." दोन दिवस हेच. मी कंटाळले होते आये, खोटं कशाला लिहू. खांदे धरून तुला निजवली, उशीही काढून घेतली, पाठ सरळ व्हावी म्हणून. तू माझं मनगट धरलंस. मी ते सोडवून चुलीकडे गेले. परत आले तेव्हा तुझी छाती हलत नव्हती.

डॉक्टर म्हणाला, "छातीत पाणी झालेलं. अशा माणसाला बसवूनच ठेवतात. आडवं कुणी केलं?"

मी म्हटलं, "कोनी न्हाय. आपली आपन निजली."

गावात अजून म्हणतात, झोपेत गेली, सुटली. मीही मान डोलावते.

हे नातीच्या वहीच्या मागच्या पानावर लिहितेय, तिला कळायच्या आत फाडून टाकीन. मघाशी ती परत आली, भीतभीत. "आजी, निवटी कशानं श्वास घेते? पुस्तकात न्हाय." मी म्हटलं, "ओल्या अंगानं, अन् तोंड वर ठेवून."

तू मनगट धरलंस तेव्हा तुला उठून बसायचंय हे मला कळलं होतं. चुलीवर भात होता, तो लागेल म्हणून गेले.