पाणी हिरवं झालं

शुक्रवार, संध्याकाळ. घणसोली.

आठवडाभर ढग होते, पाणी गढूळ. खाडीच्या नमुन्यांत सूक्ष्म वनस्पती जवळजवळ नव्हत्याच. मग ऊन पडलं, गाळ बसला, आणि आज सूक्ष्मदर्शकाखाली सगळं हिरवं! कुणाला तरी सांगायचंच होतं. नवऱ्याला रत्नागिरीला फोन केला. "छान. मीटिंगमध्ये आहे." हे 'छान' मला पाठ आहे. तरी मीच का करते फोन?

घरमालकीण काकू भाकरी घेऊन आल्या. त्यांनाच सांगून टाकलं.

"पानी हिरवा झाला का मासली येते. आमचा म्हातारा सांगाचा."

म्हातारा, म्हणजे त्यांचे यजमान, खाडीत जाळं टाकायचे. ते गेल्यापासून काकूंशी खाडीबद्दल कुणी बोललंच नसावं. मी त्यांना दाखवायला वहीतली या वनस्पतींची चित्रं उघडली.

"थांब, चष्मा आनते," म्हणून खाली गेल्यात. दार उघडंच ठेवलंय.