चित्रात माणूस नको

३ नोव्हेंबर
पोचलो एकदाचा! खोली बघून तबियत खूश झाली. उत्तरेला मोठी खिडकी, टेबलावर रंगाच्या नळ्या, जवसाचं तेल, टर्पेंटाइन, आणि ईझलवर खवळलेला समुद्र, अर्धाच झालेला. तो काढणारे चित्रकार वारले. त्यांच्या बायकोने, म्हणजे मालकीणबाईंनी, तो पुरा करायला मला बोलावलंय. अट एकच: लाटा काढा, ढग काढा, पण चित्रात माणूस नको. मी आपली मान डोलावली. संध्याकाळी दादाशी फोनवर बोललो. मासेमारीच्या लाँचवर राबून मला चित्रकला शिकवणारा हा माझा मोठा भाऊ. म्हणाला, समुद्राचे फटके मी खायचे आणि तू खोलीत बसून तो रंगवायचा, मजा आहे बुवा तुझी!

७ नोव्हेंबर
आधीचे पातळ थर सुकले. आज जाड रंग चढवला, फेस सुरीने थापला. तरी चित्रात जीव येईना. एवढ्या पाण्यात नजर ठरायला काहीतरी हवंच की! शेवटी होडी काढली, आणि तिच्यात दादा. पिवळा रेनकोट, कमरेवर हात, त्याचीच ढब. चित्र एकदम बोलायला लागलं. मालकीणबाई गुडघ्यांमुळे जिना चढत नाहीत. त्यांना कोण सांगतंय?

९ नोव्हेंबर
डावीकडची लाट मी एवढी उंच काढली नव्हती. कालपेक्षा चार बोटं वाढलीय, आणि रंग ओला आहे. दुपारी वहिनीचा फोन आला. अचानक वादळ उठलंय, दादाची लाँच त्यात सापडलीय. खाली जाऊन मालकीणबाईंना सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, ह्यांनी याच चित्रात आमच्या मुलाला काढलं होतं, आणि तो बुडाला.

१० नोव्हेंबर
लाट होडीवर आलीय. सुरीने खरवडली, पुन्हा भरून आली. तीनदा. मग टर्पेंटाइनचा बोळा घेतला आणि दादालाच पुसून टाकलं. चित्रातच नसला तर बुडेल कसा? जीव भांड्यात पडला.

११ नोव्हेंबर
लाँच परत आली. सगळे आले. दादा नाही. लाँच चालवणारा तांडेल सांगतो, तो समोर उभा राहून बोलत होता आणि बोलता बोलता पुसट होत गेला. मी पुसलं त्याला. मी.

१२ नोव्हेंबर
परत काढला. या वेळी किनाऱ्यावर, घराकडे चाललेला, पाठमोरा. चेहरा चुकला तर, म्हणून तो काढायचा टाळला. तासाभरात वहिनीचा फोन. आला! दादा आला!

दुपारी
वहिनी फोनवर रडत सांगतेय. तो दारात उभा आहे. मागून बघितलं तर पाठ. पुढून बघितलं तरी पाठच. आत कुठेतरी श्वास चालू आहे —

१३ नोव्हेंबर
चेहरा काढायलाच हवा. रंग ओला आहे, मान वळवून घेतली. पण डोळे — जन्मभर बघितलेले डोळे आठवत नाहीत. दोघांचे सारखेच, असं आई म्हणायची. आरसा समोर ठेवलाय. माझेच काढतो.

उजवा झाला. वहिनी फोनवर किंचाळली, भाऊजी, एक डोळा आला, बघतोय माझ्याकडे — मला उजवीकडचं दिसत नाही. आरशात तिथे नुसतं कातडं.

तिला सांगितलं नाही. दादाला दोन्ही हवेत. डावा — बुबुळ झालं — कागद अंधुक — आता चमकेचा एक ठिपका, तो दिला की दादाला सगळं दिसेल, आणि मला —