बिनइंटरनेटचा राउटर

मंगळवार, संध्याकाळ. किनवटहून परतताना, गाडीत

मी कॉलेज सोडल्यापासून सारिका माझ्याशी नीट बोलत न्हवती. आज ती शिकवते त्याच आश्रमशाळेत माझ्या बंद पडलेल्या सायबर कॅफेतले तीन कॉम्प्युटर बसवून आलो.

वॉर्डन हसला, "इथं इंटरनेट न्हाई. हा राउटर काय पूजेला ठेवू?"

डोकं सणकलं. पण ती समोर होती, गिळलं.

एका कॉम्प्युटरवर तिचे सगळे धडे टाकले, राउटरनं तिन्ही जोडले. हिरवा दिवा लागला. बाकी दोन्हींवर धडे उघडले! इंटरनेट कशाला लागतंय? जमणारच होतं. पोरं हिरव्या दिव्याकडं बघत होती, मी तिच्याकडं. वेडाच हाय का मी?

निघताना ती हळूच म्हणाली, "शनिवारी ये. काही बिघडलं न्हाई तरी ये."